रंगाआधीची जावा प्रदर्शनात कशी न्यावी

जुनी मोटरसायकल चकचकीत झाल्यावरच प्रदर्शनात न्यायची, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. मी उलट सांगेन. एकदा तरी न्या, आणि रंगाच्या आधी न्या. वेल्डिंग झालंय, सगळे भाग एकदा जागच्या जागी बसवून पाहिलेत, पण क्रोम नाही, रंग नाही, लाइनिंग (टाकीवरच्या बारीक रेषा) नाही, अशा अवस्थेत. मैदानात आलेल्या एखाद्या जुन्या मेकॅनिकनं सांगितलं की "हा ब्रॅकेट दोन बोटं वर पाहिजे", तर दुसऱ्या दिवशी तो कापून पुन्हा जोडता येतो. तेच रंगानंतर कळलं तर टाकीपासून मडगार्डपर्यंत पैसे पुन्हा मोजावे लागतात, आणि मग बरेच जण चूक तशीच राहू देतात. ती पुढची तीस वर्षं गाडीवर राहते.

मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. नोकरी मकरपुरा जीआयडीसीत, टूलरूममध्ये झाली. आता घराच्या पुढच्या खोलीत काकांची १९६७ ची जावा २५० उघडून ठेवली आहे, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत बनलेली. उदाहरणं तिचीच देतो. तुमच्याकडे बुलेट असो नाहीतर राजदूत, कामाचा क्रम बदलत नाही.

कुठवर आणून थांबायचं

तारीख कळली की हात दिसणाऱ्या भागाकडे जातो. हँडल क्रोमला द्यावं, टाकी तरी रंगवून घ्यावी, असं वाटायला लागतं. तो मोह आवरा. आधी चासी सरळ आहे का ते तपासा, तडे भरून घ्या, पत्राकाम संपवा, आणि मग गाडी पूर्ण जुळवा. रंग न लावता, कामचलाऊ बोल्टांवर, पण पूर्ण: मडगार्ड, टाकी, सीट, साखळीचं कव्हर, दोन्ही सायलेन्सर, हँडल, हेडलाइट. जावाचे आटे मेट्रिक आहेत, त्यामुळे जुळवण्यापुरते बोल्ट कुठेही मिळतात. पण बाजारातले चकाकणारे अॅलन बोल्ट लावलेत तर फलकावर "हे तात्पुरते" असं लिहा, नाहीतर जाणकाराची नजर दिवसभर तिथेच अडकेल.

जुळवून झालं की गाडीच्या मागे पाच-सहा पावलांवर उभे राहा. टायर आणि मडगार्ड यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? दोन्ही सायलेन्सर एका पातळीत आहेत का? सीटची मागची कड मडगार्डाच्या वळणाशी जुळते का? चाकं सोळा इंची असल्यामुळे जावा बुटकी आणि भरीव दिसते. मागचं मडगार्ड थोडं जरी उचललेलं असेल तर तिचा सगळा बांधा बिघडतो. या गोष्टी रंगाखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात.

टाकीचं वेगळं सांगतो. बाजूला क्रोम असलेल्या टाकीला आधी प्लेटिंग होतं, त्यानंतर क्रोम झाकून रंग. म्हणजे झाळकाम, ठोकठाक, सगळं प्लेटिंगच्या आधी संपलेलं पाहिजे. प्लेटिंगवाल्याकडे टाकी देण्याआधी ती पाण्यानं भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागदावर ओल दिसली तर सांधा गळतोय. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: पेट्रोलची "रिकामी" टाकी झाळायला घेऊ नका. पेट्रोलनं काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा आत नुसती वाफ उरलेली टाकी जास्त धोक्याची. आधी धुवा, मग झाळायच्या जागेपुरती सोडून पाण्यानं भरा, तेव्हा झोत लावा. आणि हे काम जाणत्या माणसालाच द्या.

जुन्या रंगाची खिडकी

सगळा रंग काढून टाकण्याआधी एक जागा राखून ठेवा. मला सीटखालचा मडगार्डाचा भाग बरा वाटतो, कारण तिथे ऊन कमी पोहोचतं आणि मूळ छटा टिकते. साधारण दोन इंच रुंद पट्टी घ्या. आठशे नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन एका टोकाला थोडं घासा, पुढे थोडं जास्त, शेवटी पार पत्रा दिसेपर्यंत. शेवटचा हात बाराशेचा. आता पट्टीवर सगळे थर एकाशेजारी एक उघडे पडतात. काकांच्या गाडीवर सगळ्यात वर कुणीतरी मारलेला काळा होता, त्याखाली लांबीचा (खड्डे बुजवायच्या पुट्टीचा) पिवळट थर, त्याखाली फिकट मरून, आणि मग त्याहून गडद, जांभळट झाक असलेला मरून. त्याच्याखाली अस्तर, म्हणजे प्रायमर, मग पत्रा. गडद मरून सरळ अस्तरावर बसला आहे, मध्ये लांबी नाही, म्हणून तो कारखान्यातला असं मी धरतो.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त माणसं इथेच वाकून पाहतात. रंगाचं काम करणारे तर चष्मा काढून पाहतात. तिथल्या चर्चेतून छटा ठरवायला जी मदत होते ती मोबाइलवरच्या फोटोंतून होत नाही, कारण प्रत्येक पडद्यावर मरून वेगळा दिसतो. पट्टीशेजारी रंगवाल्याकडून आणलेले दोन-तीन नमुने पत्र्याच्या तुकड्यांवर मारून ठेवा आणि सावलीत एकदा, उन्हात एकदा धरून दाखवा. घरात ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा निघतो.

रंग पक्का झाल्यावरही ही पट्टी पुसू नका. सीटखाली कुणाला दिसत नाही, आणि पुढे ज्याच्या हाती गाडी जाईल त्याला मूळ पुरावा मिळतो. फिवा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना. तिच्या तुरिन सनदेत हाच आग्रह आहे: जुनं शक्य तितकं राखा, आणि जे बदललं त्याची नोंद ठेवा.

नसलेला भाग दाखवायचा

हे मला स्वतःला फार उपयोगी पडलं. जावाची साखळी पूर्ण झाकलेली असते. आमच्या गाडीच्या कव्हरचा मागचा अर्धा भाग गायब आहे. नुसती उघडी साखळी पाहून लोक पुढे गेले असते. म्हणून ओळखीच्या एकाच्या गाडीवरून त्या भागाचा आकार ब्राउन पेपरवर उतरवून घेतला, जाड पुठ्ठ्यातून कापला, आणि तारेनं त्याच जागी अडकवला. पुठ्ठा रंगवायचा नाही. त्यावर ठळक लिहायचं: "हा भाग हवा आहे". खाली दोन भोकांमधलं अंतर मिमीमध्ये.

"चेन कव्हर हवंय" असं कागदावर वाचून कुणाला काही आठवत नाही. पण जागेवर लटकलेला आकार पाहिला की माणूस थबकतो, आणि आपल्या माळ्यावर, कोपऱ्यात, भंगाराच्या पिंपात तसं काही पाहिल्याचं त्याला आठवतं. आमच्या पुठ्ठ्यासमोर एक आजोबा बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "असलं काहीतरी आमच्याकडे कुंडीखाली ठेवलंय." ते त्याच जावाचं निघालं, वाकलेलं पण पूर्ण. शुक्रवारी बाजारात शोधून जे मिळालं नव्हतं ते कुंडीखालून आलं.

चिठ्ठ्या आणि फलक

प्रत्येक भागाला दोरीची चिठ्ठी बांधा. पांढरी म्हणजे गाडीचा मूळ भाग, पिवळी म्हणजे नवा किंवा बनवून घेतलेला, लाल म्हणजे शंका आहे. लाल चिठ्ठ्या सगळ्यात महत्त्वाच्या, त्या लपवू नका. चिकटपट्टी मात्र उघड्या धातूवर लावू नका. आपल्याकडच्या उन्हात तिचा डिंक वितळून पत्र्यावर बसतो आणि रंगाच्या वेळी त्रास देतो.

फलक एकच, आणि दोन हात अंतरावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात. गाडी कोणती, कोणत्या सालची, काय झालंय, काय बाकी आहे. बडोद्यात फलक गुजरातीतही लिहा, कारण मैदानात मराठी वाचणारे थोडे आणि मदत करणारे सगळेच. इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळतात एवढं लिहा, पूर्ण नंबर मांडू नका. आरसी बुकाची झेरॉक्स फाइलमध्ये, अस्सल घरी.

त्या फाइलमध्ये कामाआधीचे फोटो क्रमानं लावा, मागे तारीख घालून. घरातल्या अल्बममध्ये गाडीचा जुना फोटो असेल तर मोठा करून घ्या. काकांच्या लग्नानंतरच्या एका फोटोत टाकीवरचं लाइनिंग कुठे वळतं ते स्पष्ट दिसतं. कृष्णधवल फोटोतून रंग कळत नाही, पण रेषेची जागा, आरशाची बाजू, नंबर प्लेटचा कोन हे सगळं कळतं.

फाइलचा उपयोग पुढेही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, इंजिन यांत मोठे बदल केलेले चालत नाहीत. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्या नोंदणीला "व्हीए" अक्षरांची मालिका मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या फिरण्याला नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामापुरतीच रस्त्यावर आणायची. मूळ रूप म्हणजे काय हे तुमच्या फोटोंतूनच सिद्ध करता येईल, म्हणून फाइल नीट ठेवा.

उघडा पत्रा सांभाळणं

जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी जमतात. म्हणजे ऐन पावसाळा. सँडब्लास्ट केलेला उघडा पत्रा त्या हवेत काही तासांत तांबूस होतो. थंडीतल्या मेळाव्यातही पहाटेचं दव पडतंच. पातळ मशीन ऑइल फडक्यावर घेऊन हलका हात फिरवा, बोट लावलं तर ओलं वाटावं पण ओघळ येऊ नये एवढंच. सिलिकॉनवालं पॉलिश किंवा चमक देणारा स्प्रे चुकूनही वापरू नका. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंग मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि सगळं खरवडावं लागतं. साधं तेल थिनरनं निघून जातं.

"मग रेड ऑक्साइड मारूनच नेऊ" असं कुणी म्हणेल. पण साधा प्रायमर सच्छिद्र असतो, ओल आत जाते आणि गंज खालून धरतो. शिवाय प्रायमरखाली सांध्याचं काम दिसत नाही, आणि तेच तर दाखवायचंय. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, त्या शहरात झाळ पाहून कारागीर ओळखणारी माणसं अजून आहेत. त्यांना उघडा सांधा पाहू द्या.

लोक हात लावणारच. घामाच्या बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजाचे ठसे होतात. दोरी बांधून माणसं लांब ठेवण्यापेक्षा हाताळायला वेगळं काहीतरी द्या. आम्ही एका ट्रेमध्ये जुना, बाद झालेला ब्लॉक आणि पिस्टन ठेवतो. पिस्टन ६५ मिमीचा, स्ट्रोक ७५, म्हणून इंजिन २४९ सीसीचं. मुलांच्या हातात द्या आणि पिस्टन वरून खाली ओढायला सांगा: आधी एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणारी तोंडं उघडतात, मग ट्रान्सफरची, म्हणजे ताजं मिश्रण आत घेणारी. एक्झॉस्टची तोंडं दोन आहेत, म्हणून सायलेन्सर दोन. जावाला दोन सिलिंडर असतात असं मानणारी मोठी माणसंही इथे नव्यानं पाहायला लागतात. माझी भाची हा ट्रे सांभाळते, आणि आता ती माझ्यापेक्षा छान समजावते.

किक आणि गिअरचा दांडा जावात एकच आहे. आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. हेही करून दाखवण्यासारखं आहे, पण इंजिनात तेल नसेल तर किक मारू देऊ नका, नुसता दांडा फिरवून दाखवा.

नेणं आणि उभी करणं

छोटा हत्ती पुरतो. फळी लावून दोघांनी चढवा, पुढचं चाक केबिनला टेकवा आणि पट्टे खालच्या ब्रिजला (फोर्कच्या दोन्ही नळ्या जोडणाऱ्या आडव्या भागाला) दोन्हीकडून बांधून फोर्क थोडे दबतील इतके ताणा. उघड्या चासीवर सुतळी घासू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घाला. टाकीत पेट्रोल ठेवू नका, बॅटरी सोडून ठेवा. कार्बोरेटरच्या तोंडाला कापड, प्लगच्या भोकात जुना प्लग, म्हणजे मैदानातली धूळ आत जात नाही.

हिरवळीवर डबल स्टँड रुततो. स्टँडखाली बारा मिमीच्या प्लायचा तुकडा ठेवा. इंजिन चढवलं नसेल तर गाडीचा तोल बदललेला असतो, तेव्हा पुढच्या चाकाला दोन्हीकडून पाचर द्या.

प्रवेश अर्ज नीट वाचा. काम चालू असलेल्या गाड्यांचा विभाग असेल तर त्यात नाव द्या, नसेल तर "फक्त प्रदर्शनासाठी" असं लिहून परीक्षणातून बाहेर राहा. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये '२१ गन सॅल्यूट' झाला, तशा स्पर्धेत गाड्या परीक्षकांसमोर पूर्ण तयारीनिशी उभ्या राहतात. तिथे अर्धी गाडी उभी करायची नाही. शहरातल्या, क्लबांच्या लहान मेळाव्यांत मात्र आयोजक अशा गाडीचं स्वागतच करतात, कारण तिच्याभोवती माणसं थांबतात. आधी फोन करून विचारा.

माणसांशी बोलणं

दिवसभरात तीन प्रश्न येतील. "चालू थाय छे?" "एवरेज केटली?" "वेचवानी छे?" म्हणजे चालू होते का, एवरेज किती, विकायची आहे का. तिन्हींना आनंदानं उत्तर द्या, कारण चौथा प्रश्न त्याच माणसाकडून येतो आणि तो बहुतेक वेळा कामाचा असतो. विकायची नसेल तर "नहीं, घरनी छे" एवढं पुरतं.

स्टुलावर बसून राहू नका. गाडीच्या मागच्या बाजूला उभे राहा, म्हणजे पाहणाऱ्याला पुढून मोकळं वाकता येतं. कुणी बराच वेळ एकाच ठिकाणी पाहत असेल तर जाऊन सांगायला लागू नका, विचारा: "काका, काही वेगळं दिसतंय का?" जुनी माणसं आपणहून चूक काढत नाहीत, विचारलं की काढतात.

जे सांगतील ते वहीत लिहा, त्यांच्यासमोर. फोनमध्ये टाइप करू नका, बोलणाऱ्याला वाटतं लक्ष दुसरीकडे आहे. प्रत्येक माहितीपुढे एक खूण करा: त्यांनी ते स्वतः केलं, नुसतं पाहिलं, की ऐकलं. दोन जाणकार परस्परविरुद्ध सांगणारच. हॉर्न टाकीखाली की पुढे, यावर आमच्या गाडीशेजारी दोघांचं चांगलंच जुंपलं होतं. मी दोघांचंही लिहून घेतलं आणि दोघांना एकच विचारलं: "तुम्ही कुठल्या सालची गाडी पाहिली होती?" साल वेगळं निघालं आणि वाद तिथेच मिटला. मैदानात निकाल लावायची घाई करू नका. जुन्या पार्ट बुकातलं चित्र आणि तुमचा घरचा फोटो, या दोहोंशी ताडून मगच ठरवा.

तिथल्या तिथे काही उघडायचं, ठोकायचं नाही, कितीही अनुभवी माणसानं "लाव पाना" म्हटलं तरी. गर्दीत एक वॉशर गवतात पडला की गेला.

दुसऱ्या दिवशी

गाडी घरी आली की आधी पुसा. धूळ आणि तेल मिळून जो लेप होतो तो तसाच ठेवला तर ओल धरतो. थिनरनं साफ करून पुन्हा तेलाचा हात द्या.

मग वही उघडा. "स्वतः केलं" अशी खूण असलेल्या गोष्टी आधी तपासा. ज्यांनी भाग देतो म्हटलं त्यांना त्याच आठवड्यात फोन करा आणि शक्य असेल तर घरी जाऊन आणा, फरसाण नाहीतर मिठाईचा पुडा घेऊन. पैसे घेत नसतील तर गाडी चालू झाल्यावर त्यांना मागे बसवून कमाटीबागेला एक चक्कर, असं मी कबूल करून ठेवतो, आणि ते त्यांना पैशापेक्षा जास्त आवडतं.

लाल चिठ्ठ्यांपैकी जितक्यांचा निकाल लागला तितक्या बदला. उरलेल्या भागांना रंग, प्लेटिंग काहीही करू नका, ते खोक्यात तसेच ठेवा. चासीवरचे ब्रॅकेट, मडगार्डाची बैठक, टाकीचे सांधे यांवर एकही लाल चिठ्ठी उरली नाही की टाकी प्लेटिंगला पाठवा, आणि ती परत येईपर्यंत रंगवाल्याशी मरूनची छटा सीटखालच्या त्या जुन्या रंगाच्या पट्टीसमोर उभं राहूनच पक्की करा.